सहा व्होल्टची मिलिटरी जीप : सेल्फ कुंथतो, लाइट पिवळे, बॅटरी उतरते. १२ व्होल्ट करायच्या आधी अर्थिंग मोजा

तुमचं सगळं नीट वाचलं दादा. आजोबांनी डिस्पोजलमधून, म्हणजे लष्कराने काढून टाकलेल्या गाड्यांतून, घेतलेली १९४४ ची फोर्ड जीपीडब्ल्यू (फोर्डने बनवलेली युद्धातली जीप), गेल्या वर्षी बॉडी चेसीवरून उतरवून खालपासून वरपर्यंत सँडब्लास्ट आणि रंग, त्याबरोबर सगळं वायरिंग नवीन. आणि तेव्हापासून हा त्रास, गार असताना कशीबशी सुरू होते, गरम झाल्यावर सेल्फ कुंथतो, हेडलाइट पिवळे आणि हॉर्न दाबला की आणखी बसतात, अँमीटरचा (करंट दाखवणाऱ्या मीटरचा) काटा थरथरतो, दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी झोपलेली. दोन बॅटऱ्या बदलल्या, डायनमो रिवाइंड केला, कॉईल बदलली, आणि आता मेकॅनिक म्हणतोय की सहा व्होल्टमध्ये दमच नसतो, १२ करून टाका. तर करू का, हा तुमचा प्रश्न.

माझं उत्तर, आत्ता नका करू. मी ईएमईत, म्हणजे लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात, मोटर व्हेइकल इलेक्ट्रिशियन होतो, आमच्या वेळी युनिटात जोंगा, निसान वन टन, शक्तिमान ह्याच गाड्या, आणि रिटायर झाल्यावर साताऱ्यात स्वतःचं काम सुरू केलं तेव्हापासून ह्या जुन्या विलिस आणि फोर्ड जीपा माझ्याकडे येतात. विलिस आणि फोर्डने मिळून युद्धात सहा लाखांच्या वर ह्या जीपा काढल्या आणि त्या सहा व्होल्टवरच बर्फात, वाळवंटात, आसाम-बर्माच्या चिखलात चालल्या. सहा व्होल्टमध्ये दम नसता तर तिथे चालल्या नसत्या. तुमच्या गाडीचा दम कुठेतरी वाटेत गळतोय. आणि माझ्या अंदाजाने तो रंगाखाली गळतोय, कारण तुम्हीच लिहिलंय की रंगाच्या आधी गाडी अर्ध्या फेरीत सुरू व्हायची.

आधी हिशोब समजून घ्या, कारण हा एकदा डोक्यात बसला की पुढचं सगळं आपोआप कळतं. तेवढीच ताकद सहा व्होल्टवर काढायची तर १२ व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो. सेल्फ मारताना ही जीप साधारण २०० अँपिअर ओढते असं धरा. आता वाटेत कुठेतरी एका जोडावर फक्त ०.००५ ओहम अडथळा आहे, म्हणजे एका ओहमचा दोनशेवा भाग. २०० गुणिले ०.००५ म्हणजे १ व्होल्ट त्या जोडातच खलास. सहातला एक गेला, सेल्फला पाचच मिळाले, आणि बॅटरी स्वतः लोडखाली खाली येते ते वेगळंच. तोच जोड १२ व्होल्टच्या गाडीत असता तर करंट निम्मा, म्हणून अर्धा व्होल्ट गेला असता आणि तोही बारातला, कुणाला कळलंसुद्धा नसतं. म्हणजे एकाच खराब जोडाचा त्रास सहा व्होल्टला चौपट होतो. १२ व्होल्ट केल्यावर गाड्या सुधारल्यासारख्या वाटतात त्या ह्यामुळे, रोग तसाच राहतो फक्त तो जाणवत नाही, आणि दोन-चार पावसाळ्यांनी तो जोड आणखी खराब झाला की परत तीच रड.

आणि इथेच सगळे फसतात. मल्टीमीटर ओहमवर किंवा बीपवर लावतात, वायरच्या दोन्ही टोकांना टोचतात, बीप वाजली की म्हणतात वायर चांगली. बीप वाजायला दोनशे तारांतली एक तार शाबूत असली तरी पुरते दादा. साधा मल्टीमीटर ०.००५ ओहम दाखवूच शकत नाही. घरच्या नळासारखं आहे हे, पाइप आतून क्षाराने भरलेला असला तरी नळ बंद असेपर्यंत प्रेशर पूर्ण असतं, नळ सोडला की धार करंगळीएवढी. म्हणून मोजायचं ते नळ सोडून, म्हणजे लोड चालू असताना, आणि व्होल्टवर. ह्याला व्होल्टेज ड्रॉप म्हणतात. एक साधा डिजिटल मीटर, दोन लांब वायरी आणि सेल्फ मारायला एक माणूस, बाकी काही लागत नाही.

कसं करायचं ते सांगतो. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकाखाली दगड. हे आधीच सांगतो कारण ह्या जीपचा सेल्फ पायाच्या बटणावर आहे, तो स्विच थेट मेकॅनिकल आहे, इग्निशन बंद असलं तरी सेल्फ फिरतो. गिअरमध्ये राहिली तर गाडी पुढे उडी मारेल आणि समोर तुम्हीच मीटर घेऊन उभे असाल. पण हीच सोयसुद्धा आहे, इग्निशन बंद ठेवा, म्हणजे इंजिन सुरू न होता पाहिजे तेवढ्या वेळा सेल्फ फिरवता येईल. एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये मिनिटभर थांबा.

पहिलं माप, मीटर बॅटरीच्या दोन्ही शिशाच्या खांबांवर टोचा. क्लॅम्पवर टोचायचं नाही, खांबावरच, हा फरक मोठा आहे कारण खांब आणि क्लॅम्पमधला जोडच कित्येकदा चोर असतो. गाडी उभी असताना ६.३ च्या आसपास पाहिजे. सेल्फ मारताना ५ च्या खाली फारसं जायला नको. जात असेल तर बॅटरी उतरलेली किंवा कमी ताकदीची आहे, किंवा सेल्फ भलताच करंट खातोय. दुसरं, मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लस खांबावर आणि दुसरं सेल्फवरच्या मोठ्या नटावर, सेल्फ मारा. ०.२ किंवा फार तर ०.२५ पर्यंत ठीक. तिसरं आणि तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, एक टोक बॅटरीच्या मायनस खांबावर आणि दुसरं सेल्फच्या उघड्या बॉडीवर, रंग नसेल तिथे टोचून, सेल्फ मारा. इथेही ०.२ च्या आत पाहिजे. तुमच्याकडे इथे १ व्होल्टच्या आसपास दिसेल असं मला वाटतंय.

मग तो १ व्होल्ट कुठे जातोय ते एकेक टप्पा शोधायचं. मायनस खांब ते क्लॅम्प, क्लॅम्प ते केबलचं थिंबल (नटाखाली बसणारं धातूचं टोक), थिंबल ते चेसीचा उघडा लोखंडी भाग, चेसी ते इंजिन ब्लॉक, ब्लॉक ते सेल्फची बॉडी. प्रत्येक ठिकाणी सेल्फ मारून वाचायचं. ज्या टप्प्यावर मीटर एकदम उडी मारेल तो तुमचा चोर, अंदाजपंचे काही नाही. ह्या जीपमध्ये बॅटरीची मायनस चेसीवर उतरते, करंट परत यायची ही वाट म्हणजेच अर्थ, आणि इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, रबरातून करंट जात नाही, त्यामुळे चेसी ते इंजिन जी विणलेली तांब्याची पट्टी असते तिच्यावर सगळा भार. रंगवाले इंजिन उतरवताना ती पट्टी काढतात, आणि बसवताना एकतर विसरतात किंवा रंगावरच नट आवळतात. रंग म्हणजे इन्सुलेशनच हो. आणि पावडर कोटिंग केलं असेल तर विचारूच नका.

ह्यातलं एक प्रकरण सांगतो. दोनेक वर्षांपूर्वी वाईहून एक विलिस आली, तक्रार अगदी तुमच्यासारखी, फक्त एक गोष्ट जास्त होती, सेल्फ मारला की डॅशजवळ जळका वास यायचा. मालकांनी दोन ठिकाणी दाखवली होती आणि दोन्हीकडे डॅशमागचं वायरिंग उचकटून झालं होतं. मी बोनेट उघडलं, पोराला सेल्फ मारायला सांगितलं आणि सवयीने चोकच्या केबलला हात लावला, तर चटका बसला. धूर निघायचा बाकी होता फक्त. इंजिनला अर्थची पट्टीच नव्हती, म्हणून सेल्फचा सगळा करंट परत यायला वाट शोधत होता आणि त्याला सापडली चोकची बारीक पोलादी तार, कार्बोरेटरपासून डॅशपर्यंत. वास येत होता तो त्या केबलच्या आवरणाचा. एक पट्टी बसवली, दोन्हीकडचा रंग खरवडला, गाडी पहिल्या फेरीत सुरू. त्या मालकांच्या डोळ्यात पाणी आलं कारण ती जीप त्यांच्या वडलांची होती आणि विकायला काढायचं ठरलं होतं. तेव्हा तुम्हीही आज एवढं करा, चार-पाच वेळा सेल्फ मारल्यावर चोकची आणि हँड थ्रॉटलची केबल हाताने चाचपून बघा. कोमट जरी लागली तरी निदान झालं समजा.

अर्थ दुरुस्त कशी करायची हे पण नीट सांगतो कारण निम्मे लोक इथे घाई करतात. नट खोला, जिथे थिंबल बसतं तेवढी रुपयाच्या नाण्याएवढी जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत पांढरं लोखंड दिसेपर्यंत साफ करा, समोरची आणि मागची दोन्ही बाजू, बोल्टचे आटेसुद्धा. मूळ जीपमध्ये ह्या ठिकाणी दातेरी वॉशर असायचे, त्यांचे दात धातूत रुततात, तेच वापरा, साधा चपटा वॉशर नको. घट्ट आवळा, मग वरून पेट्रोलियम जेली लावा, आणि त्याच्यावर पाहिजे तर रंगाचा हात मारा. आधी जोड, मग रंग. आणि एक विनंती, तुमची फोर्डची गाडी आहे, तिच्या कित्येक बोल्टच्या डोक्यावर एफ हे इंग्रजी अक्षर असेल, अर्थचं काम करताना गंजलेले म्हणून ते बोल्ट फेकू नका, साफ करून परत तेच बसवा, ऐंशी वर्षं टिकलेत ते.

बोनेटवरच्या नंबराच्या शेवटी एस अक्षर होतं का ते आजोबांच्या जुन्या फोटोत बघा. असेल तर ती रेडिओसाठी सप्रेशन केलेली गाडी, म्हणजे बोनेट, मडगार्ड, इंजिन सगळीकडे विणलेल्या छोट्या पट्ट्या होत्या, इग्निशनची खरखर रेडिओत येऊ नये म्हणून. रिस्टोरेशनमध्ये बहुतेक ह्या पट्ट्या भंगारात जातात कारण कुणाला त्या कशाच्या ते कळत नाही. त्या मुद्दाम अर्थिंगसाठी दिलेल्या नव्हत्या पण त्यांच्यामुळे सगळे पत्रे एकमेकांना पक्के जोडलेले राहायचे. जमलं तर परत बसवा.

आता केबल. नवीन वायरिंग करताना बॅटरीची केबल कुठली टाकली ते बघा. दुकानात जी तयार केबल मिळते ती १२ व्होल्टच्या गाडीची, २५ किंवा ३५ चौरस मिलिमीटरची, वरून प्लास्टिक जाड असल्यामुळे केबल जाड वाटते आणि आत तांबं थोडंसं. सहा व्होल्टला ५० तरी पाहिजे, ७० असेल तर उत्तम. मी वेल्डिंगची तांब्याची केबल वापरतो, ७० ची, भरपूर बारीक तारांची असते, वाकते छान. थिंबल हायड्रॉलिक प्रेसने दाबून घ्या, हातोडीने ठोकून नको. आणि माझं स्वतःचं मत, मूळ अर्थ तशीच ठेवून बॅटरीच्या मायनसपासून एक जादा केबल थेट इंजिनवर, सेल्फच्या बोल्टपाशी आणावी. मूळपणाला धक्का लागत नाही, दिसतही नाही आणि इंजिनची अर्थ एका पट्टीच्या भरवशावर राहत नाही.

प्लसच्या बाजूला ड्रॉप जास्त निघाला तर पहिला संशय पायाच्या बटणावर. आत तांब्याची चकती दोन टोकांवर आपटते, दर वेळी ठिणगी, वर्षानुवर्षांनी खड्डे आणि काजळी. त्याच्या दोन नटांमध्ये मीटर लावून सेल्फ मारा, ०.१ च्या वर गेलं तर खोलून तांबं घासा, चकती उलटी करता येत असेल तर उलटी करा.

गरम झाल्यावरच सेल्फ का रडतो, हे तुम्ही विचारलंय. तांबं गरम झालं की त्याचा अडथळा वाढतो, पन्नासेक डिग्री वाढली तर साधारण पाचवा हिस्सा जास्त. त्यात खराब जोड स्वतः गरम होऊन आणखी खराब होतो. गार असताना काठावर चाललेलं गणित गरम झाल्यावर काठावरून खाली पडतं, एवढंच. पण सगळे ड्रॉप चांगले आले, बॅटरीही ५ च्या वर राहिली आणि तरी सेल्फ हळू, तर मात्र सेल्फ उतरवा. मग बुश झिजून आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा भाग, आतल्या पोलवर घासत असेल, घासल्याच्या चकचकीत रेघा दिसतात, किंवा कार्बन संपले असतील. स्पार्कचं टायमिंग फार पुढे असेल तरी गरम इंजिन उलटं लाथ मारतं, पण तुमचं इग्निशन बंद ठेवूनसुद्धा सेल्फ हळूच फिरला तर टायमिंगचा दोष नाही हे लगेच वेगळं काढता येतं.

हेडलाइटचं तेच गणित. मूळ सील्ड बीम दिवे हाय बीमला साधारण ४५ वॅटचे, दोन मिळून ९०, सहा व्होल्टला १५ अँपिअर, आणि हे १५ अँपिअर अँमीटर, मेन स्विच, डिपरचा पायाचा स्विच, टर्मिनल ब्लॉक असं फिरत फिरत जातात. बल्बचा उजेड व्होल्टच्या प्रमाणात कमी होत नाही, खूप जास्त कमी होतो, १० टक्के व्होल्ट कमी झाले तर उजेड तीस टक्क्यांनी जातो, आणि सहाच्या जागी पाचच पोचले तर जवळपास निम्मा. म्हणून पिवळे दिसतात. लाइट चालू ठेवून बल्बच्या मागच्या दोन टोकांवर व्होल्ट मोजा, मग बॅटरीवर मोजा, फरक किती तो बघा. अर्ध्याच्या वर असेल तर वाटेतला एकेक जोड तसाच तपासायचा. ह्या जीपचे हेडलाइट बिजागरीवर उलटे फिरतात, रात्री इंजिनवर उजेड पाडायला, किती विचार करून केलेली गाडी आहे बघा. पण त्या ब्रॅकेटला आणि बिजागरीला आता रंग लागलाय आणि अर्थ तिथूनच शोधत जाते. दोन्ही दिव्यांच्या डब्यापासून चेसीपर्यंत वेगळी अर्थ वायर ओढा. मला खात्री आहे अर्धा पिवळेपणा तिथेच जाईल.

लाइटच्या स्विचबद्दल एक गोष्ट, कारण नवीन वायरिंग करणाऱ्याने इथे गोंधळ घातलेला असतो. हा साधा ऑन-ऑफ स्विच नाही. पहिल्या खाचेपर्यंत ओढला की फक्त ब्लॅकआऊटचे मिणमिणते दिवे, शत्रूच्या विमानाला दिसू नये म्हणून. पुढे ओढायला कुलपाचं छोटं बटण दाबावं लागतं, अंधारात चुकून हेडलाइट लागू नये म्हणून ते ठेवलंय. स्विच पूर्ण बंद असताना ब्रेक लाइट लागत नाही, तो बिघाड नाही, रचनाच तशी आहे, दिवसा ब्रेक लाइटसाठी वेगळी खाच दिलीय. हे माहीत नसलेले वायरमन ब्रेक लाइट थेट बॅटरीवर घेतात आणि मग ब्रेकचा स्विच जरा चिकटला की रात्रभर दिवा चालू. तुमच्याकडे असं केलंय का बघा. मूळ वायरिंगचा नकाशा अमेरिकी लष्कराच्या १९४४ च्या टीएम ९-८०३ ह्या पुस्तिकेत आहे, तो छापून डॅशखाली धरून बसा. लाइट आपोआप बंद-चालू बंद-चालू होत असतील तर फ्लॅशर शोधू नका, तिथे गरम झाल्यावर तुटणारा सर्किट ब्रेकर आहे, तो सांगतोय की कुठेतरी शॉर्ट आहे.

अँमीटरचा थरथरणारा काटा, इथे जरा सावकाश. सेल्फ सोडून जवळपास सगळा करंट अँमीटरमधून जातो. काटा थरथरतो म्हणजे कुठलातरी जोड पकड-सोड करतोय. माझे दोन संशय आहेत. एक, कटआऊट, म्हणजे रेग्युलेटरचा डबा, ज्या पत्र्यावर बसवलाय त्याला रंग. ह्या ऑटोलाइट पद्धतीत डायनमोची फील्ड (चुंबक तयार करणारी आतली कॉईल) कटआऊटमधून अर्थ होते, म्हणजे डब्याची अर्थ गेली की फील्ड गेली, आणि अर्धवट लागत असली की चार्जिंग लागतं-तुटतं. डायनमोच्या बॉडीपासून कटआऊटच्या बॉडीपर्यंत तिसरी अर्थ वायर असते, ती आहे का बघा. दुसरा संशय, डायनमो रिवाइंड करून आल्यावर पोलॅरिटी दिली होती का. डायनमो कुठल्या बाजूने वीज काढायची हे आतल्या लोखंडात उरलेल्या चुंबकत्वावर ठरवतो. रिवाइंडवाल्याच्या टेबलावर ते उलटं झालं असेल तर कटआऊटचे पॉईंट तडतडतात, जळतात आणि शेवटी चिकटतात. पोलॅरिटी द्यायला इंजिन बंद ठेवून, कटआऊटच्या बॅटरी आणि आर्मेचर ह्या दोन टर्मिनलना वायरच्या तुकड्याने क्षणभर, एक टिचकी मारावी एवढाच वेळ, टेकवायचं, छोटी ठिणगी पडेल, झालं. हे फक्त ऑटोलाइटच्या पद्धतीला, तुमच्या गाडीवर नंतर कुणी दुसऱ्या मेकचा डायनमो चढवला असेल तर हे करू नका, आधी प्लेट वाचा. जुन्या महिंद्राचा १२ व्होल्टचा डायनमो सहाच्या गाडीवर बसवलेला मी स्वतः बघितलाय, तो हळू आरपीएमला काही देतच नाही.

डायनमो चांगला की कटआऊट खराब हे ओळखायला, इंजिन जरा वरच्या आयडलवर ठेवून बॅटरीवर मोजा, ७.२ ते ७.४ पाहिजे. ६.३ च्या आसपासच रेंगाळत असेल तर डायनमोच्या एफ टर्मिनलची वायर काढा आणि ते टर्मिनल दोन-तीन सेकंद बॉडीला टेकवा. चार्जिंग एकदम वर गेलं तर डायनमो ठणठणीत, दोष कटआऊट किंवा त्याच्या अर्थमध्ये. काहीच हललं नाही तर डायनमोत. जास्त वेळ टेकवू नका आणि रेस करू नका, व्होल्टेजला तेव्हा लगाम नसतो. आणि ७.५ च्या वर सतत जात असेल तर तेही वाईट, बॅटरीचं पाणी आटतं.

बॅटरी उतरण्याचं बोलू. १०० अँपिअर अवरची बॅटरी तीन दिवसांत, म्हणजे ७२ तासांत, उतरायला साधारण १.४ अँपिअर सतत गळायला पाहिजे, एका छोट्या बल्बाएवढं. कटआऊट पूर्ण चिकटला असता तर काही तासांतच उतरली असती आणि बंद गाडीचा डायनमो हाताला गरम लागला असता. म्हणून मला वाटतं एकतर छोटी गळती आहे, किंवा गळती नाहीच, बॅटरी मुळात कधी पूर्ण भरतच नाहीये. वेगळं काढायला, सगळं बंद करून मायनसची केबल काढा आणि केबल आणि खांब ह्यांच्यात सहा व्होल्टचा छोटा बल्ब जोडा. ह्या जीपमध्ये घड्याळ नाही, काही नाही, बल्ब मिणमिणायलासुद्धा नको. मिणमिणला तर कटआऊटची बॅटरीची वायर काढा, मग हॉर्नची, मग ब्रेक लाइटची, जिथे विझला तिथे गळती. आणि बॅटरीचं झाकण. मीटरचं एक टोक खांबावर आणि दुसरं नुसतं झाकणावर टेकवा, व्होल्ट-दीड व्होल्ट दिसला तर ॲसिडच्या ओलसर धुळीतूनच बॅटरी स्वतःशी गळतेय. खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, झाकणं घट्ट ठेवून, आत थेंब जाता कामा नये. दोन नव्या बॅटऱ्या गेल्या म्हणताय त्या बहुतेक मेलेल्या नसून उपाशी होत्या. बाहेरच्या चार्जरवर रात्रभर हळू चार्ज करून हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजायच्या नळीने) तिन्ही सेल बघा, तिन्ही सारखे वर आले तर ती बॅटरी वाचली.

कॉईल उगाच बदललीत, जुनी फेकू नका. गरम झाल्यावर चालता चालता बंद पडत असेल तर लगेच तिथेच स्पार्क बघायचा, थंड झाल्यावर बघून उपयोग नाही. स्पार्क चांगला असेल तर पेट्रोल वाफाळतंय, कमजोर असेल तर कंडेन्सर. पॉईंट ०.०२० इंच, प्लग ०.०३०, फायरिंग ऑर्डर १-३-४-२. डिस्ट्रिब्युटरच्या आतली बारीक लवचिक वायर वरून शाबूत दिसते आणि आतून तुटलेली असते, बोटाने हलवून बघा. पावसाळ्यात रात्री दिवे बंद करून इंजिन सुरू ठेवून बोनेट उघडा, प्लगकडे जाणाऱ्या एचटी वायरींवर निळसर ठिणग्या नाचताना दिसल्या तर त्या बदला.

पेट्रोलच्या गेजचा काटा पण वेडावाकडा आहे म्हणालात, टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली रंगवलेल्या खोबणीत बसलेली आहे, तिलाही अर्थ नाही. पण टाकीपाशी काम करायच्या आधी बॅटरीची केबल काढा, ह्यात हयगय नको, वाफेला एक ठिणगी पुरते.

१२ व्होल्टबद्दल, हे सगळं करूनही तुम्हाला करायचंच असेल तर माझी हरकत नाही, गाडी तुमची आहे. पण मग कॉईल, डायनमो, कटआऊट, सगळे बल्ब, हॉर्न, गेज हे सगळं बदलावं लागेल, आणि सहाचा सेल्फ बारावर चालतो म्हणून तसाच ठेवतात, पण मग त्याच्या बेंडिक्सचा, म्हणजे पुढे सरकून इंजिन फिरवणाऱ्या गिअरचा, दात फ्लायव्हीलच्या रिंगवर इतक्या जोरात आपटतो की रिंगचे दात जातात. आणि तोपर्यंत कुणी म्हणालं की १२ व्होल्टच्या कारची बॅटरी लावून जंप स्टार्ट करू, तर नाही म्हणा. बॅटरी फुटू शकते.

(ज्यांच्याकडे एम ३८ किंवा दुसरी २४ व्होल्टची मिलिटरी गाडी आहे त्यांनी पण हीच मापं घ्यावीत, आकडे चौपटीच्या हिशोबाने थोडे सैल चालतील. फक्त म्युझिक सिस्टीमसाठी दोन बॅटऱ्यांच्या मधून १२ व्होल्ट काढू नका, एक बॅटरी सतत उपाशी आणि दुसरी सतत ओव्हरचार्ज, दोन्ही जातात.)

तर येत्या सुट्टीला आधी काही विकत न आणता फक्त ती तीन मापं घ्या, गाडी गार असताना एकदा आणि अर्धा तास चालवून आणल्यावर लगेच एकदा, वहीत लिहा. मायनस खांब ते सेल्फ बॉडीचा आकडा गरम असताना किती आला तो मला पहिल्यांदा कळवा, आणि चोकच्या केबलला हात लावलात का तेही.